वाल्ट्राउट मायर यांनी इझोल्डे गायला नको होती

मंद्र: ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनच्या श्टाट्सओपर या ऑपेरागृहात 'एलेक्ट्रा' ऑपेरातली क्लिटेम्नेस्ट्रा गाऊन जर्मन गायिका मायर निवृत्त झाल्या. १९७६ मध्ये वुर्त्सबुर्गला सुरू झालेल्या या कारकिर्दीत माझ्या मते एक निर्णय चुकला. मेझो-सोप्रानो (सोप्रानोपेक्षा खालचा स्त्री-आवाज) असूनही त्यांनी १९९३ मध्ये बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात इझोल्डे घेतली, म्हणजे वाग्नरच्या 'त्रिस्तान आणि इझोल्डे'मधली सोप्रानोची भूमिका. पहिल्याच अंकात जवळपास ऐंशी मिनिटं जवळजवळ सतत रंगमंचावर राहायचं आणि दुसऱ्या अंकात त्रिस्तान येताच दोनदा वरचा 'सी' हा अतिउंच सूर लावायचा. खालचा आवाज जड ठेवून तिथे चढलं की गळा आवळतो, कंप रुंदावतो, सूर उतरतो. मायर यांचे हे 'सी' मला ओढून आणलेले वाटतात.

स्वरलीन: दोन सुरांवरून अख्खी भूमिका मोडीत काढू नका! इझोल्डेचं पहिल्या अंकातलं लांबलचक कथन बरंचसं मध्य सप्तकात आहे. तिथे हलक्या सोप्रानोचे शब्द वाद्यवृंदात बुडतात, मायर यांचा शब्द न् शब्द पोचतो. शिवाय १९८३ पासून त्या बायरॉइटला वाग्नरच्याच 'पार्सिफाल'मधली कुंड्री गात होत्या. दुसऱ्या अंकात ख्रिस्ताला हसल्याचं सांगताना कुंड्रीला वरच्या 'बी'वरून थेट खालच्या 'सी शार्प'वर कोसळावं लागतं, म्हणजे जवळजवळ दोन सप्तकं, मध्ये आधाराला एकही सूर नाही. हे वर्षानुवर्षं पेलणाऱ्या गळ्याला नुसतं मेझो म्हणून कसं चालेल?

मंद्र: कुंड्रीला तिसऱ्या अंकात गायला फक्त दोन शब्द आहेत, तेही एकच शब्द दोनदा. इझोल्डेला शेवटी 'लीबेस्टोड' हे तिचं अखेरचं मोठं गाणं गायचंय. आणि बायरॉइटचा पिट, म्हणजे वाद्यवृंद बसतो तो रंगमंचापुढचा खड्डा, झाकलेला. वाद्यांचा आवाज आधी रंगमंचाकडे वळतो, मग प्रेक्षागृहात येतो. गायकाला तेवढी सवलत मिळते. उघड्या पिटवर ती कुठली?

षड्ज: उघड्या पिटवरही त्या गायल्या की. डिसेंबर २००७ मध्ये मिलानचं ला स्काला, २०१५ मध्ये म्युनिकला शेवटची इझोल्डे. बावीस वर्षं! गळा बिघडला असता तर २०१८ मध्ये बायरॉइटला 'लोहेनग्रिन'मधली ऑर्ट्रूड जमली असती का? 'सी'बद्दल मंद्र यांचं म्हणणं मला पटतं, ते सूर त्यांचे नव्हतेच. पण 'लीबेस्टोड'चा शेवटचा सूर 'एफ शार्प' आहे आणि तो हळू लावायचा असतो. तिथवर श्वास राखून पोचणं, ही खरी परीक्षा. कुठे थांबायचं हेही त्यांना कळत होतं: वाग्नरच्या 'रिंग'मधली ब्र्युनहिल्डे ही सोप्रानोची भूमिका त्यांनी रंगमंचावर कधीच घेतली नाही.

मंद्र: ब्र्युनहिल्डेचा मुद्दा मान्य. इझोल्डेबद्दल मत कायम.