मदत हवी आहे : इंग्रजी कवितेतील आघात कसे ओळखावेत?

मी बी.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला असून बारावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. कवितेचा आशय, प्रतिमा आणि यमकरचना मला समजते. अडचण फक्त ओळीचे छंदोविश्लेषण करताना, म्हणजे तिच्यातील आघातांचा (उच्चारात जोर पडणाऱ्या अक्षरांचा) साचा शोधताना येते. भुजंगप्रयाताची १२ अक्षरे चार 'य' गणांत मी सहज मोजतो, कारण तेथे लघु-गुरू लिहिलेल्या अक्षरावरूनच ठरतात. आयँबिक पेंटामीटरमध्ये (ओळीत पाच गण, प्रत्येक गणात आधी आघातहीन व मग आघातयुक्त अक्षर) मात्र उच्चारातील आघात मोजायचा असतो, आणि तो छापील ओळीत कोठेच दिसत नाही.

अनेक अक्षरांच्या शब्दांचे आघात मी शब्दकोशातून पाहतो. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असताना पहिल्या आणि क्रियापद असताना दुसऱ्या अक्षरावर आघात घेतो, एवढे त्यातून उमगले. पण शेक्सपिअरच्या ओळींत एकाक्षरी शब्दांचीच गर्दी असते, आणि तेथे शब्दकोश उपयोगी पडत नाही. ध्वनिमुद्रणेही ऐकली, परंतु नट अर्थानुसार वाचतात, त्यामुळे मूळ साचा कानाला सापडत नाही. टेबलावर ताल धरून वाचले, तर प्रत्येक ओळ जबरदस्तीने साच्यात बसते, आणि हे मला सर्वांत घातक वाटते, कारण शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द थर्ड' या नाटकाची पहिलीच ओळ साच्याच्या उलट 'नाऊ' या आघातयुक्त शब्दाने सुरू होते.

परीक्षेत अपरिचित ओळ येते आणि ती मनातच वाचावी लागते. सशुल्क शिकवणी मला शक्य नाही.

एकाक्षरी शब्दांपैकी आघात कोणावर द्यायचा, आणि कवीने पहिला गण मुद्दाम उलटवला आहे की माझेच वाचन चुकते आहे, हे कोणत्या क्रमाने तपासावे?