मदत हवी आहे: लंडनला पेटी-तबला नेताना कार्नेट (वस्तू तात्पुरत्या परदेशी नेऊन परत आणण्यासाठीचा कस्टम्सचा कागद) लागतंच का?

आमचं बडोद्याचं हौशी भजनी मंडळ मे महिन्यात लंडन आणि लेस्टरला अभंगांचे कार्यक्रम करणार आहे. मानधन नाही, व्हिसा आलेत. अडलंय वाद्यांपाशी. तबला, पखवाज आणि पेटी चेक-इन सामानातूनच जातील. तिथली भाड्याची पेटी नको, कारण बायकांची पट्टी काळी चार, पुरुषांची काळी एक; स्केलचेंजरच (पट्टी बदलता येणारी पेटी) हवी. कार्नेट देणाऱ्या फिक्की या उद्योग महासंघाकडे एटीए कार्नेटची चौकशी केली, पण त्याला हमी द्यावी लागते, ती मंडळाला झेपणारी नाही. एजंट म्हणतो, निघताना कस्टम्सचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट (वस्तू इथूनच नेल्याचा दाखला) घ्या, पुरे! परतताना इथे ते चालेल, मान्य. पण ब्रिटनमध्ये उतरताना काय? विकायचं काही नाही, सगळं परत आणायचंय. कार्नेटशिवाय वाद्यं नेलेल्यांनी सांगा, तिथल्या कस्टम्सला रेड चॅनेलमध्ये (सामान जाहीर करणाऱ्यांच्या रांगेत) जाऊन सांगावं लागलं का, आणि कोणते कागद दाखवलेत?