तानापिहिनिपाजा बड्डे, आयडिया द्या ना!

घोडबंदरची आई: लेकीला पाच पूर्ण होतायत, इंद्रधनुष्य थीमच हवीये. सोसायटीच्या हॉलमध्ये वीस पोरं, डेकोरेशनवाल्याचा आकडा ऐकून नवरा गप्पच बसलाय 😅 घरच्या घरी काय करू?

नौपाडाकर: ठाण्यात जांभळी नाक्याला जा, फुगे, क्रेप पेपर सगळं होलसेलमध्ये, पण सकाळीच जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते.

कळवेकरीण: अगं इडल्या कर, बिटाच्या गुलाबी, पालकाच्या हिरव्या, हळदीच्या पिवळ्या. आणि गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाक, गार झालं की पोरांसमोर लिंबू पिळ, निळ्याचं जांभळं होतं! आमची पोरं केक सोडून तिथेच चिकटलेली.

घोडबंदरची आई: गोकर्ण खाली कुंपणावरच आहे की! तांबडा, नारिंगी?

नौपाडाकर: कलिंगड, संत्री. झालं.