डोराला 'बिनडोक' म्हणणाऱ्यांना उत्तर

मीनाक्षी_वाई:
काल इथे एकांनी लिहिलं, "व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतले नवरे कर्तबगार, बायका बिनडोक. डोरा मेली म्हणून डेव्हिड कॉपरफील्डचा संसार मार्गी लागला." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. (डोरा ही चार्ल्स डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' कादंबरीतली, नायक डेव्हिडची पहिली बायको.)

डेव्हिड डोराला स्वयंपाकाचं पुस्तक आणून देतो. ते कोपऱ्यात पडून राहतं आणि तिचा कुत्रा जिप त्यावर उभं राहायला शिकतो. इथवर सगळ्यांना आठवतं. पुढे तो तिला शेक्सपिअर वाचून दाखवून 'घडवायला' जातो. ती भेदरते. शेवटी नाद सोडून तो तिच्यासाठी कानातलं आणि जिपला गळपट्टा आणतो. तो लिहीत बसला की ती त्याच्या लेखण्या हातात धरून शेजारी बसते. मला 'बालपत्नी' समज, असं तीच त्याला सांगते. आपण पुरे पडत नाही हे तिला कळलेलं असतं. हिला बिनडोक म्हणायचं?

केशव_ना:
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेणार नाही. मित्र जेवायला आला तर मटण कच्चं, कालवं न उघडलेली, नोकर चोर. मन आणि हेतू जुळत नसतील तर लग्नात त्याहून मोठा विजोडपणा नाही, या अर्थाचं वाक्य याच कादंबरीत आहे आणि ते डेव्हिडच्या मनात घर करून बसतं. प्रेम होतं, मेळ नव्हता.

मीनाक्षी_वाई:
ते वाक्य कुणाच्या तोंडी आहे? ॲनी स्ट्राँगच्या. तिचा नवरा डॉ. स्ट्राँग वयाने बापासारखा, तरी दोघं सुखी. जॉर्ज इलियटच्या 'मिडलमार्च' कादंबरीत डोरोथिया अशाच वयस्कर, विद्वान कॅसॉबनशी हौसेने लग्न करते आणि घुसमटते. तो मृत्युपत्रात पुरवणी जोडतो, की तिने त्याच्या तरुण नातेवाइकाशी, लॅडिस्लॉशी, लग्न केलं तर इस्टेट गेली. वय आणि विद्वत्ता दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की डॉ. स्ट्राँग बायकोवर विश्वास टाकतो.

राजापूरकर:
'मिडलमार्च' काढलंच आहे तर त्यातल्या लिडगेटच्या बायकोबद्दल, रोझमंडबद्दल बोला. लिडगेटसारखा डॉक्टर तिच्या हौसेपायी कर्जात बुडाला, संशोधन सुटलं, पन्नाशीत गेला.

अनघा_नागपूर:
तिच्या हौसेपायी? लग्नाआधी महागडी भांडी लिडगेटने स्वतः घेतली. कर्जाचं तिला कधी सांगितलं? सामानाची यादी करायला माणूस येणार, तेव्हा. माझ्या घरी हेच घडलं. गॅसवर वरण उकळत होतं आणि वसुलीची माणसं दारात. तीन वर्षांचं कर्ज मला त्या दिवशी कळलं. वर सासरचे म्हणाले, हिला संसाराचं भान नाही. वरण करपलं होतं, तो वास अजून नाकात आहे. रोझमंड "मी काय करू शकते?" विचारते ते पान मी पुढे वाचू शकले नाही.

राजापूरकर:
तुमचं दुःख खरं, पण पुढे वाचायला हवं होतं. घर भाड्याने द्यायचं त्याने ठरवलं, ते तिने परस्पर रद्द करवलं. त्याच्या काकांना चोरून पैशासाठी पत्र लिहिलं. गरोदर असताना तो नको म्हणत असताना घोड्यावर गेली आणि मूल गेलं. माझ्या भावाच्या घरी असंच सगळं पाठीमागून चालायचं. तो माणूस पार खचला.

अनघा_नागपूर:
दोघांनी लपवलं, पण शिक्षा फक्त बायकोला, असं तुमचं म्हणणं दिसतं. आधी कुणी लपवलं त्याचं उत्तर द्या.

राजापूरकर:
आवाज चढवू नका. आधी त्याने. झालं?

केशव_ना:
विषय डोराचा होता.

मीनाक्षी_वाई:
विषय तोच आहे. इंग्लंडच्या १८५७च्या कायद्याने नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार पुरे होता. बायकोला त्याच्या व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा दोन वर्षं टाकून जाणं असंही काही सिद्ध करावं लागे. कमाईवर तिचा हक्क १८७०मध्ये आला, सगळ्या मालमत्तेवर १८८२मध्ये. ज्या बाईच्या नावावर चमचा नाही, तिला हिशोब येत नाही म्हणून हसायचं? आणि डिकन्सने स्वतःच्या बायकोला, दहा मुलांच्या आईला, १८५८मध्ये वेगळं केलं, हेही लक्षात ठेवा.

केशव_ना:
डिकन्सच्या घरात मला शिरायचं नाही. पण लेखण्यांचा प्रसंग काल रात्री पुन्हा वाचला. ती एकेक लेखणी पुढे करते आणि डेव्हिडला ते वर्षांनंतरही आठवतं. 'बिनडोक' मागे घेतो. संसार दुसऱ्या बायकोशी, ॲग्नेसशीच नीट झाला, हे मात्र सोडणार नाही.

मीनाक्षी_वाई:
ॲग्नेसने ती रिकामी जागा घ्यावी, हे मरताना डोरानेच तिच्याकडे मागितलं होतं.