शाळेत संविधानाची उद्देशिका लावायची, पण नेमकी कुठली?

पालक_सातारा: आमच्या झेडपी शाळेला वर्गणी काढून उद्देशिकेची फ्रेम द्यायची ठरलंय, नेटवर नक्षीवाली इंग्रजी प्रत भारी दिसते पण त्यात समाजवादी, धर्मनिरपेक्ष हे शब्दच नाहीत. छपाईची चूक आहे का?

खडू_फळा: चूक नाही हो, ती मूळ हस्तलिखिताच्या पानाची प्रत, अक्षर प्रेमबिहारी रायजादांचं. ते दोन शब्द नंतर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीत आले, एकात्मता पण तेव्हाच. बालभारतीच्या पुस्तकात असते ती मराठी लावा, पोरांना वाचता तरी येईल.

बाकावरचा: फ्रेम लावून काय होतंय पण? २०२० पासून शाळांत वाचन सुरू आहे, आमची पोरगी तोंडपाठ म्हणते, "अंगीकृत" म्हणजे काय विचारलं की गप्प.

खडू_फळा: ते खरंय. मी सातवीला एकच प्रश्न टाकतो, "स्वतःप्रत अर्पण" म्हणजे कोणी कोणाला दिलं? पहिल्यांदा सगळे बाबासाहेबांचं नाव घेतात, मग एखादं पोरगं परत वरची ओळ वाचतं, आम्ही भारताचे लोक, आणि मग जो गोंधळ होतो त्यात तास कधी संपला कळत नाही.

पालक_सातारा: मग मराठीच लावतो. आणि जिन्यात नको, वर्गात, पोरांच्या नजरेच्या उंचीवर.