डब्यासाठी रक्त दिलं तर बिघडलं कुठे?

माणदेशी
गेल्या रविवारी मंडळाच्या रक्तदान शिबिरात नोंदणीला बसलो होतो. दात्याला स्टीलचा डबा होता. एक रिक्षावाले दादा आले आणि फॉर्म हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "डबा आहे ना?" आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते भडकले. म्हणाले, हे दान नव्हे, यांना परत पाठवा.

मी पाठवलं नाही. वजन ६४, हिमोग्लोबिन १४. बाहीची घडी करून शांतपणे ४५० मिली दिलं. थॅलेसेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजाराच्या, पोराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, आयुष्यभर. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, रक्तपेढ्यांत खडखडाट. अशा वेळी देणाऱ्याच्या मनात पुण्य होतं की डबा, हे त्या पोराच्या आईनं का विचारावं? माणूस स्वार्थासाठी चांगलं काम करत असेल तर करू द्या.

रेवती_लॅब
दादा, अकरा वर्षं रक्तपेढीत आहे, म्हणून सांगते. देणाऱ्याच्या मनात काय आहे, याने आम्हाला फरक पडतो.

प्रत्येक पिशवीच्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशा चाचण्या होतात. पण संसर्ग अगदी ताजा असेल तर काही दिवस चाचणीत तो सापडत नाही. तेवढ्या दिवसांसाठी आमच्या हातात दात्याने फॉर्मवर लिहिलेली उत्तरंच असतात. पैसे घेऊन रक्त देणं सुप्रीम कोर्टाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून बंद झालं, त्यामागेही हीच भीती होती. पैशाची गरज असलेला माणूस आजार लपवतो.

एका शिबिरात भर उन्हाळ्यात फुल शर्ट घातलेला मुलगा आला. टॅटूच्या सुईतूनही संसर्ग होऊ शकतो, म्हणून फॉर्मवर तेही विचारतो. त्या रकान्यात 'नाही'. बाही वर केली तर मनगटावर नवं कोरं नाव, खपली अजून निघत होती. थांबवलं, तर पहिला प्रश्न, "मग बॅग नाही मिळणार?"

माणदेशी
ताई, यात चूक त्या पोराची कमी आणि आपली जास्त आहे. रक्त दिलं तरच बॅग, असं ठरवलं की तो खोटं बोलणारच. नोंदणी करून डॉक्टरांपर्यंत गेला की डबा हातात द्या, रक्त घ्या अथवा नका घेऊ. मग लपवायचं कशाला?

जुना_वाडेकर
माझा अनुभव. वडिलांच्या बायपासच्या वेळी तीन पिशव्यांसाठी रात्री दीड वाजता नातेवाइकांना फोन करत होतो. जे रोज घरी चहाला यायचे त्यांनी उचलले नाहीत. आले ते दोघे अनोळखी. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी देतो. उद्या माझ्या मुलीवर ती वेळ आली तर पेढीत रक्त असावं, एवढाच हिशोब. हा स्वार्थच आहे, पण यात खोटं बोलून मला काय मिळणार? डब्याचा स्वार्थ जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा, हा जन्मभराचा. दोन्हींना एका मापात मोजू नका.

रेवती_लॅब
वाडेकरकाकांशी सहमत. माणदेशीदादा, नापास होणाऱ्यालाही डबा द्यायचा, हे मला मनापासून पटलं. आमच्या डॉक्टरांना सांगणार आहे.

पण अंतराचं काय कराल? पुरुषांना ९० दिवस, बायकांना १२० दिवस थांबावं लागतं. १५ ऑगस्टला एक शिबिर, गणपतीत दुसरं, दोन्हीकडे वस्तू. कोपराच्या आत सुईची खूण ताजी असते आणि माणूस छातीठोकपणे सांगतो, "वर्ष झालं." इथे नुकसान त्याचं स्वतःचं होतं. घरी जाऊन चक्कर येऊन पडतो.

माणदेशी
याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही. आसपासच्या मंडळांनी तारखा एकत्र बसून ठरवायला हव्यात, ते मी बोलतो. डबा मात्र बंद करणार नाही. त्या रिक्षावाल्यांनी निघताना विचारलं, "परत कधी देता येतं?" तीन महिन्यांनी, म्हटलं. पुढच्या खेपेला डबा आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. नंबर लिहून दिला, तो वहीत आहे.