किमोनंतर आईचे पाय बधिर, घरी कुठला व्यायाम करवून घेऊ? (इंदूर)

रामबागची_लेक
जरा लवकर मदत हवी आहे. आईची किमो संपली, रिपोर्ट चांगले आले, सगळे म्हणतात झालं आता. पण तळव्याखाली सारखी गादी ठेवल्यासारखं वाटतं म्हणते, मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, ब्लाउजचे हूक मी लावून देते. काल रात्री बाथरूमला जाताना तोल गेला, दार हाताशी आलं म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले चालत राहा, हळूहळू जाईल. किती चालायचं, कसं, काही नाही. नेमके व्यायाम सांगा प्लीज, वाचून वाचून परेशान झालेय.

सुदामानगर_काका
ताई, रोज सकाळी मेघदूत गार्डनला नेऊन दवाच्या गवतावर अनवाणी चालवा. माझी सायटिका त्यानेच बरी झाली. अॅक्युप्रेशरची चप्पल पण मिळते, राजवाड्याला.

निशिगंध६२
काका, अनवाणी नको हो! जिथे संवेदनाच नाही तिथे काच घुसली तरी कळणार नाही. ताई, औषध कुठलं होतं, शेवटचा डोस कधी झाला, शुगर आहे का?

रामबागची_लेक
किमोचंच औषध हो, आतड्याचा कॅन्सर होता. फाईल बघितली, ऑक्झालिप्लॅटिन. शेवटचा डोस होऊन दीड महिना झाला. शुगर आहे पण कंट्रोलमध्ये आहे, बारा वर्षं गोळी चालू आहे, त्याचा काय संबंध?

निशिगंध६२
मलाही तेच औषध होतं, फ्रिजचं गार हँडल धरलं की बोटांत झटका बसायचा. घाबरू नका, हे औषध थांबल्यावरसुद्धा दोन-तीन महिने त्रास वाढू शकतो, मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी रडत बसायचे. मी केलं ते सांगते. ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, खाली टेकवायच्या. मग एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून उभं राहायचं, जमेल तितका वेळ. खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. हे जमायला लागलं की घडी घातलेल्या सतरंजीवर उभं राहून तेच. डोळे उघडेच ठेवायचे नि कुणीतरी शेजारी हवंच. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, पायात मागे पट्टा असलेले बूट.

गुणकारी
एवढं कशाला? व्हिटॅमिन बी६ चा हाय डोस चालू करा, नसा परत उगवतात.

फिजिओ_लोकमान्यनगर
कृपया नको. बी६ जास्त झालं तर त्यानेच नसा खराब होतात. ताई, शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर संबंध आहे, बरीच वर्षं घेतली की व्हिटॅमिन बी१२ कमी होऊ शकतं नि पाय तसेच बधिर होतात. आधी ते तपासा. निशिगंधताईंनी सांगितलं तेच आम्ही करवून घेतो. नस त्याने लगेच दुरुस्त होत नाही, पण पायाकडून जेवढी खबर येते तेवढ्यावर तोल सांभाळायला मेंदू शिकतो नि घोट्यांना ताकद येते. जर्मनीतल्या एका अभ्यासात, २०२४ मध्ये छापून आला, किमो चालू असतानाच आठवड्यातून दोनदा तोलाचे व्यायाम केलेल्यांपैकी बऱ्याच कमी जणांना हा त्रास झाला. आईचं पाऊल चालताना लटकतं का? तसं असेल तर आधी दाखवा. आणि नुसती बधिरता आहे की जळजळही? जळजळीला ड्युलॉक्सेटिन नावाचं औषध देतात, डॉक्टरांना विचारा.

गुणकारी
माझ्या मेव्हण्याला बी६ नेच फरक पडला, अभ्यास काही का म्हणेना.

वडोदरेकर
धागा वाचतोय. मानेच्या गॅपसाठी पण हेच चालेल का? आणि इंदूरला फिजिओ घरी यायचे किती घेतात?

रामबागची_लेक
वडोदरेकर, प्लीज वेगळा धागा काढा ना. पाऊल लटकत नाही, जळजळ रात्री होते. मेटफॉर्मिनच आहे! बी१२ कधी तपासलंच नव्हतं, आज रक्त दिलं. ओट्यापाशी उभी केली, पावलापुढे पाऊल ठेवून सात सेकंद राहिली, मी कंबर धरून होते. हाताचं कुणी सांगितलं नाही, हूक?

निशिगंध६२
सात सेकंद म्हणजे खूप झाले पहिल्या दिवशी! हातासाठी डब्यात तांदूळ भरून त्यात पाच-सहा राजमा लपवायचे, न बघता बोटांनी शोधायचे. कणीक पण त्यांनाच मळू द्या, वेळ लागला तरी. सुरी मात्र तुम्हीच धरा, आणि आंघोळीचं पाणी तुमच्या कोपराने बघा, त्यांच्या पायाला गरम कळणार नाही. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर लाईट चालू ठेवा.